वादळ आणि घर : मॉरिशसच्या लोकजीवनाचा एक धागा

१

कोणत्याही देशाचा इतिहास लिहिताना सत्तांतरे, तह, युद्धे आणि कायदे यांना अग्रस्थान मिळते. मॉरिशसचा इतिहासही सामान्यतः डच, फ्रेंच आणि ब्रिटिश अशा तीन राजवटींत विभागला जातो आणि त्याच्या शेवटी १९६८ चे स्वातंत्र्य व १९९२ चे प्रजासत्ताक येते. ही मांडणी चुकीची नाही. परंतु उसाच्या मळ्यांत ज्यांची हयात गेली त्या माणसांच्या स्मृतीत काळाची विभागणी वेगळ्या रीतीने झालेली आढळते. घरातील वडीलधारी माणसे जन्म, लग्न, स्थलांतर यांचा उल्लेख करताना एखाद्या चक्रीवादळाचा आधार घेतात. ब्याण्णवचे तुफान, कॅरोलचे वर्ष, जर्वेजच्या आधी, जर्वेजनंतर, अशी ती कालगणना आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजाने जपलेला तो एक इतिहासच आहे.

या इतिहासाचा केंद्रबिंदू घर हा आहे. वादळ साऱ्या बेटावर येते, पण बेटावरील घरे सारखी नसतात. कोणाच्या डोक्यावर दगडी भिंतींचे छत होते, कोणाच्या डोक्यावर पाचटाचे आणि कोणाच्या डोक्यावर पत्र्याचे, यावरून वाऱ्याने कोणाचे काय नेले हे ठरत आले. म्हणून मॉरिशसमधील वादळांचा वृत्तान्त हा केवळ हवामानाचा वृत्तान्त राहत नाही. मळेवाले आणि मजूर, शहर आणि वस्ती, जमीनधारक आणि भूमिहीन यांच्यातील संबंधांचा तो आलेख होतो. त्या आलेखातील काही ठळक टप्प्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

२

मॉरिशसची भूमी अग्नीतून वर आली. हिंदी महासागराच्या नैऋत्य भागात मादागास्करच्या पूर्वेस सुमारे आठशे-नऊशे किलोमीटरवर असलेल्या या बेटाचे सर्वांत जुने खडक सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. बेटाचे क्षेत्रफळ अवघे १,८६५ चौरस किलोमीटर आहे. मध्यभागी पठार, त्याभोवती एका प्राचीन ज्वालामुखीच्या कडेचे अवशेष असलेल्या डोंगररांगा आणि समुद्रकाठी प्रवाळाची कड, अशी त्याची घडण आहे. क्युरपिप शहरातील त्रू ओ सेर हे झाडीने भरलेले विवर आणि गंगा तलाव या नावाने भाविकांना परिचित असलेले ग्रां बासेंचे सरोवर, ही दोन्ही स्थाने शांत झालेल्या ज्वालामुखींचीच आहेत. शेजारच्या रेयुनियाँ बेटावरचा ज्वालामुखी मात्र अजून जागृत आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या भूशास्त्रीय इतिहासात एक विशेष गोष्ट आहे. सध्या रेयुनियाँच्या खाली असलेल्या तप्त केंद्रानेच सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर पसरले, असे भूवैज्ञानिक मानतात. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि त्याच अग्नीच्या खुणा लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशा क्रमाने दक्षिणेकडे उमटत मॉरिशसपर्यंत येऊन पोहोचल्या. सह्याद्रीचा काळा कातळ आणि मॉरिशसच्या शेतांतला काळा धोंडा यांचे उगमस्थान एकच आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून निघालेल्या मजुराला हे माहीत असण्याचे कारण नव्हते. पण कुदळीखाली जो दगड लागला तो त्याच्या हातांना परका वाटला नसेल.

हवा मात्र परकी होती. बेटावर वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाकाठी जेमतेम ८००-९०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर मध्य पठारावर तो ४,००० मिलिमीटरच्या आसपास जातो. नोव्हेंबर ते मे हा चक्रीवादळांचा हंगाम आणि जानेवारी ते मार्च हा त्यातील सर्वांत धोक्याचा काळ. या वादळांत पावसाचे प्रमाण किती असू शकते याची कल्पना रेयुनियाँच्या उंच उतारावरील एका नोंदीवरून येते. जानेवारी १९६६ मध्ये डेनिस या चक्रीवादळाच्या वेळी तेथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. ज्वालामुखीने उभारलेल्या डोंगरांना बाष्पाने भरलेले वारे धडकतात, वर चढतात आणि तेथेच रिते होतात.

३

वादळाची दखल युरोपीयांना आरंभापासूनच घ्यावी लागली. १५९८ मध्ये डचांनी बेटाला आपल्या राजपुत्राचे नाव दिले. डच ईस्ट इंडीजचा पहिला गव्हर्नर जनरल पीटर बोथ मायदेशी परतताना १६१५ मध्ये याच बेटाच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून बुडाला. पोर्ट लुईच्या मागे उभ्या असलेल्या एका शिखराला आजही त्याचे नाव आहे. डचांनी १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला, पण त्यांची वसाहत रुजली नाही आणि १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. त्यांच्यामागून आलेल्या फ्रेंचांनी, विशेषतः १७३५ नंतर ला बुर्दोनेच्या कारकीर्दीत, बंदर बांधले, साखरेचा धंदा वाढविला आणि मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर बेटाची अर्थव्यवस्था उभी केली.

या वादळांना युरोपीय साहित्यात स्थान मिळाले ते बर्नार्दां द सें-पिएर याच्या १७८८ च्या ‘पोल ए व्हिर्जिनी’ या कादंबरीमुळे. लेखक १७६८ ते १७७० या काळात बेटावर राहिला होता. कादंबरीच्या शेवटी नायिकेला घेऊन येणारे ‘सें-जेराँ’ हे जहाज किनाऱ्यासमोर फुटते. असे जहाज खरोखरच १७४४ मध्ये फुटले होते. परंतु प्रत्यक्ष अपघात ऑगस्ट महिन्यात, म्हणजे वादळांच्या हंगामाबाहेर, रात्री खडकांवर आदळून झाला. कादंबरीत तो डिसेंबरात, भर तुफानात घडतो. शोकान्तिकेला अनुरूप अशी निसर्गाची पार्श्वभूमी लेखकाला हवी होती आणि त्याने ती निर्माण केली. कलादृष्ट्या हा बदल समर्थनीय आहे. तथापि, त्यातून एक परंपरा सुरू झाली. बेटावरचे वादळ हे प्रेमिकांच्या नियतीचे प्रतीक म्हणून वाचले जाऊ लागले. त्याच वादळात गुलामांच्या झोपड्यांचे काय होत असे, हा प्रश्न त्या परंपरेच्या कक्षेत आला नाही.

४

१८१० मध्ये बेट ब्रिटिशांकडे गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले आणि १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावरील गुलामगिरी कायद्याने संपली. या दोन घटनांमधील तीन महिन्यांचे अंतर फार बोलके आहे. पुढील सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक भारतीय करारबद्ध मजूर म्हणून बेटावर आले. त्यांतील बहुसंख्य कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून आले. मुंबईचा वाटा त्या मानाने लहान होता आणि तो मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येऊन गेला. मुंबईहून निघालेल्यांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडील कुळे पुष्कळ होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावरील ज्या सोळा पायऱ्या चढून हे मजूर बेटावर आले, ते स्थान आज आप्रवासी घाट म्हणून ओळखले जाते; २००६ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

कराराचा काळ पाच वर्षांचा होता. महिना पाच रुपये, दररोज एक शेर तांदूळ, थोडी डाळ, मीठ आणि तेल किंवा तूप, असे साधारण मोबदल्याचे स्वरूप होते. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची जी पद्धत होती, तिची आठवण पुढच्या पिढ्यांतही टिकली. राहण्याची जागा म्हणजे मळ्यावरची छावणी. कुडाच्या शेणामातीने लिंपलेल्या भिंती आणि उसाच्या पाचटाने किंवा गवताने शाकारलेले छप्पर. शेतातले धोंडे उपसून मजुरांनी रचलेले काळ्या दगडांचे मनोऱ्यासारखे ढीग आजही उसाच्या शेतांत उभे दिसतात; पण त्या काळातील मजुराची एकही झोपडी उभी राहिलेली नाही. साखर कारखान्यांच्या दगडी चिमण्या मात्र अनेक ठिकाणी शिल्लक आहेत. कोणत्या बांधकामासाठी दगड वापरला गेला आणि कोणत्या नाही, हे या दोन दृश्यांवरून स्पष्ट होते.

कोकणी मजुराला पाऊस आणि वारा नवे नव्हते. मृगाच्या आधी घराची शाकारणी करावयाची, वळचणीला लाकूडफाटा रचावयाचा, पावळ्या बांधावयाच्या, हे त्याच्या हाडीमाशी होते. परंतु त्याने गाठी बांधून आणलेले हे ज्ञान नव्या भूमीत उलटे ठरले. दक्षिण गोलार्धात मृग नक्षत्र कोरड्या, थंड हवेत निघून जाते. जूनमध्ये येथे पेरणी होत नाही, ऊसतोड सुरू होते. गावी भाताच्या शेतांतून पाणी वाहत असताना येणारा गणपती येथे हिवाळ्याच्या अखेरीस, तोडणीच्या धांदलीत येऊ लागला. उलट माघ आणि फाल्गुन हे गावाकडचे निवांत, उत्सवाचे महिने येथे तुफानाचे महिने झाले. गंगा तलावाच्या महाशिवरात्रीच्या यात्रेची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, तीही वादळांच्या ऐन हंगामात येते. पंचांग तेच राहिले, सणांची नावे तीच राहिली; पण त्यांच्यामागचे आकाश बदलले. शाकारणी केव्हा करावयाची हे या माणसांना पुन्हा नव्याने शिकावे लागले.

हे शिक्षण पुस्तकातून होणारे नव्हते. वारा पडतो, उकाडा असह्य होतो, किनाऱ्यावर लाटांचा आवाज जड होतो, संध्याकाळचे आकाश तांबूस-तपकिरी दिसते, ही लक्षणे हळूहळू परिचयाची झाली. सर्वांत अवघड होते ते वादळाच्या डोळ्याचे ज्ञान. चक्रीवादळाचा मध्य बेटावरून जात असेल तर वारा एकाएकी थांबतो, कधी निरभ्र आकाशही दिसते, आणि काही काळाने तोच वारा विरुद्ध दिशेने दुप्पट त्वेषाने येतो. त्या मधल्या शांततेला फसून बाहेर पडलेली माणसे परत येत नाहीत. हा धडा एका मोठ्या संहारातून बेटाच्या पदरी पडला.

५

तो संहार २९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्या काळी मॉरिशस हे हवामानशास्त्राचे एक महत्त्वाचे केंद्र होते. चार्ल्स मेल्ड्रम या स्कॉटिश अभ्यासकाच्या पुढाकाराने १८५१ मध्ये तेथे हवामानशास्त्राची संस्था स्थापन झाली होती. पाम्प्लमूस येथील रॉयल आल्फ्रेड वेधशाळेची कोनशिला १८७० मध्ये बसविली गेली आणि मेल्ड्रमने जहाजांच्या नोंदवह्या मिळवून हिंदी महासागरातील चक्रीवादळांचा पद्धतशीर अभ्यास केला. तथापि, एप्रिलच्या अखेरीस मोठे वादळ येत नाही हा समज शास्त्रज्ञांपासून मजुरांपर्यंत सर्वत्र रूढ होता. तो समज त्या दिवशी खोटा ठरला. वादळाचा मध्य बेटावरून गेला. मधल्या शांततेनंतर उलट दिशेने आलेल्या वाऱ्याने पोर्ट लुईचा मोठा भाग भुईसपाट केला. बेटाची लोकसंख्या तेव्हा पावणेचार लाखांच्या आत होती. एका दिवसात बाराशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

या वादळाचे साहित्यिक पडसाद दीर्घकाळ उमटत राहिले. मॉरिशसशी वंशपरंपरेने नाते असलेले आणि २००८ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे फ्रेंच कादंबरीकार ल क्लेझियो यांच्या १९८५ च्या ‘ल शेर्शर दॉर’ या कादंबरीत १८९२ चे वादळ हा निर्णायक प्रसंग आहे. त्या वादळात नायकाच्या वडिलांची स्वप्ने उद्ध्वस्त होतात, बालपणीचे घर सुटते आणि हरवलेल्या स्वर्गाचा शोध हा कादंबरीचा विषय होतो. घर गमावण्याचा हा अनुभव त्यात उत्कटतेने आला आहे. मात्र तो ज्यांच्याकडे गमावण्यासारखे प्रशस्त घर होते, अशा कुटुंबाचा अनुभव आहे. मजुरांच्या बाजूचे दर्शन घडविण्याचे काम हिंदीतून अभिमन्यु अनत यांनी केले. त्यांची १९७७ ची ‘लाल पसीना’ ही कादंबरी गिरमिटिया मजुरांच्या जीवनाची महत्त्वाची साक्ष मानली जाते. या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्या, तर एकाच बेटाची दोन घरे वाचकासमोर उभी राहतात.

१८९२ नंतर पोर्ट लुई पुन्हा बांधले गेले. मळ्यांवरच्या छावण्याही पुन्हा बांधल्या गेल्या, परंतु पूर्वीच्याच सामानाने. पाचट शेतात फुकट मिळत होते आणि मजुराच्या श्रमाची किंमत वेगळी मोजण्याची रीत नव्हती. वाऱ्याने नेलेली झोपडी आठवड्यात पुन्हा उभी राहू शकते, हीच गोष्ट ती सुधारण्याच्या आड आली.

६

बदल आला तो जमिनीच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव कोसळले आणि मळेवाल्यांनी आपल्या इस्टेटींच्या कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकावयास आरंभ केला. करार संपवून पै-पै साठविलेल्या भारतीय कुटुंबांनी हे तुकडे विकत घेतले. छावणीबाहेर गावे वसली. मराठी कुटुंबे व्हाकवा, हेन्रिएटा, कास्काव्हेल आणि रिव्हिएर न्वार, म्हणजे काळ्या नदीचा परिसर, अशा भागांत स्थिरावली. हेन्रिएटा येथे १८९६ मध्ये गणेशोत्सवाला आरंभ झाला अशी परंपरा सांगितली जाते. स्वतःच्या जमिनीवर स्वतःचे घर उभे राहिले, हे त्यामागचे भौतिक कारण लक्षात घेण्याजोगे आहे. मूर्ती बसविण्यासाठी आधी ओटा लागतो.

या घरांना लाकडी सांगाडा आणि वर नालीदार पत्रा आला. पत्रा हे प्रतिष्ठेचे लक्षण होते. पण वाऱ्यात पाचट उडाले तर भिजावे लागे. पत्रा उडाला तर तो पात्यासारखा कापीत जाई. छपरावर धोंडे ठेवणे, तारांनी ते जमिनीशी जखडणे, खिडक्यांना बाहेरून फळ्या आणि दाराला आतून आडणे लावणे, हे वादळापूर्वीचे गृहकृत्य झाले. स्त्रिया पाणी भरून ठेवीत, तांदूळ आणि डाळ कोरड्या डब्यात बांधून उंचावर ठेवीत, रॉकेलच्या दिव्याच्या वाती पाहून घेत. गावात एखादे दगडी घर, शाळा किंवा देऊळ असेल, तर शेजारपाजारची कुटुंबे तेथे जमत. एरवी न मिसळणारी माणसे अशा एका रात्रीत एका छपराखाली येत.

याच काळातील एक धोरणात्मक विसंगती नोंदविली पाहिजे. १९४६ मध्ये वादळ आणि अवर्षण यांपासून उसाच्या पिकाला संरक्षण देणारी विमा-योजना मॉरिशसमध्ये सुरू झाली. ही योजना दूरदृष्टीची होती आणि लहान शेतकऱ्यांनाही तिचा आधार मिळाला. मात्र ऊस लावणाऱ्या आणि तोडणाऱ्या माणसाच्या घराला असे कोणतेही संरक्षण नव्हते. ऊस ही लवचीक वनस्पती आहे. ती वाऱ्यात वाकते आणि पुष्कळदा पुन्हा उभी राहते. पिकाचा विमा उतरविला गेला, घराचा नाही. त्यानंतर चौदा वर्षांनी या विसंगतीची किंमत सर्वांना दिसली.

७

१९६० च्या जानेवारीत ॲलिक्स नावाचे चक्रीवादळ आले. नैऋत्य हिंदी महासागरातील वादळांना नावे देण्याची प्रथा त्याच हंगामात सुरू झाली होती. लोक त्यातून सावरत असतानाच, महाशिवरात्रीनंतर अवघ्या दोन-तीन दिवसांत, २७ व २८ फेब्रुवारीला कॅरोल आले. वाऱ्याच्या झोतांचा वेग ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेला. वादळाचा विस्तीर्ण डोळा बेटावरून सरकत गेला आणि कित्येक तास हवा निश्चल राहिली. १८९२ चा धडा विस्मरणात गेलेला नव्हता. शिवाय आता इशारे देणारी यंत्रणा आणि रेडिओ होता. मृतांची संख्या ४२ वर राहिली. लोकसंख्या १८९२ च्या मानाने पाऊणपट वाढलेली असताना मृत्यू मात्र तेव्हाच्या शतांशांत मोजावे लागतील इतके कमी झाले, ही ज्ञानाची आणि संघटनेची मोठी कमाई होती.

परंतु घरे वाचली नाहीत. लाकूड, पत्रा आणि पाचट यांची हजारो घरे पडली आणि असंख्य कुटुंबे शाळांत व निवारा-केंद्रांत राहू लागली. साखरेचे उत्पादन १९५९ मधील सुमारे ५ लाख ८० हजार टनांवरून १९६० मध्ये सुमारे २ लाख ३५ हजार टनांवर घसरले. ऊस एका वर्षात सावरला आणि १९६१ चे उत्पादन पुन्हा साडेपाच लाख टनांच्या घरात गेले. बेघर झालेल्यांचे सावरणे इतके सोपे नव्हते. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासगटाने १९६१ मध्ये बेटाच्या अर्थव्यवस्थेचा अहवाल प्रसिद्ध केला. एकाच पिकावर अवलंबून असलेल्या, वेगाने लोकसंख्या वाढणाऱ्या आणि वादळांच्या मार्गात असलेल्या या देशाचे भवितव्य त्यात चिंताजनक दिसत होते.

तरीही त्याच वर्षापासून एक मूलगामी परिवर्तन सुरू झाले. १९६० मध्ये मध्यवर्ती गृहनिर्माण प्राधिकरणाची स्थापना झाली आणि शासनाने गरिबांसाठी पक्क्या घरांच्या वसाहती बांधावयास घेतल्या. लोक त्यांना ‘सिते’ म्हणू लागले. मजुराचे घर ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे तत्त्व बेटाच्या कारभारात ठळकपणे मान्य झाले ते या वादळानंतर. या वसाहती निर्दोष नव्हत्या. काही ठिकाणी ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे वापरले गेले आणि पुढे ते आरोग्यास घातक ठरले. काही वसाहती शहराच्या कडेला एकाकी पडल्या आणि तेथे गरिबीच साठत गेली. परंतु ज्यांना शक्य होते त्यांनी सरकारची वाट पाहिली नाही. एकेक पोते सिमेंट, एकेक गाडी रेती जमवीत लोकांनी सपाट धाब्याची काँक्रीटची घरे बांधली. ज्या काळ्या दगडाने शेतात मजुराच्या पाठीचा काटा ढिला केला होता, तोच फोडून त्याची खडी या घरांत पडली.

८

६ फेब्रुवारी १९७५ रोजी जर्वेज आले, तेव्हा या नव्या घरांची परीक्षा झाली. वाऱ्याचे झोत ताशी २८० किलोमीटरपर्यंत नोंदले गेले, म्हणजे कॅरोलपेक्षाही अधिक. तरी मृतांची संख्या दहाच्या आसपास राहिली. त्यानंतर १९९४ मध्ये होलांडा आणि २००२ मध्ये दिना येऊन गेली. विजेचे खांब पडले, पिके आडवी झाली, पण गावेच्या गावे उघड्यावर आली नाहीत. इशाऱ्यांची चार वर्गांची पद्धत घरोघरी परिचित झाली. पहिला इशारा साधारण दीड-दोन दिवस आधी आणि चौथा ताशी १२० किलोमीटर वेगाचे झोत प्रत्यक्ष नोंदले गेल्यावर, अशी ती चढती श्रेणी. पहिल्या इशाऱ्याबरोबर दुकानांत मेणबत्त्या, पाव, डबाबंद मासे यांसाठी झुंबड उडू लागली. मुलांना शाळेच्या सुटीचा आनंद होऊ लागला. ज्या शब्दाने आजीच्या अंगावर काटा येई तो नातवाला सुटीची वार्ता वाटू लागला, हा काँक्रीटने घडविलेला मानसिक बदल होता.

मॉरिशसमधील पुष्कळशा घरांच्या धाब्यावरून लोखंडी सळ्यांची टोके वर आलेली दिसतात. घर अपुरे राहिले आहे असे परक्याला वाटते. वस्तुतः मुलाच्या लग्नानंतर वरचा मजला चढवावयाचा असतो, म्हणून त्या सळ्या राखून ठेवलेल्या असतात. वादळाच्या भीतीने दर वर्षी शाकारणारा समाज दोन पिढ्यांत पुढील पिढीच्या मजल्याचा विचार करू लागला. घराच्या या स्थैर्याचा संस्कृतीशी निकटचा संबंध आहे. गणेश चतुर्थीला देशात सार्वजनिक सुटी असते. मराठी शाळांतून शिकविली जाते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिच्या उच्च अध्ययनाची सोय आहे आणि मजुरांच्या आगमनाच्या नोंदी व छायाचित्रे तेथेच जतन केलेली आहेत. कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने गणपतीपुढे नाचली जाते. रोजच्या व्यवहाराची भाषा क्रेओल झाली असली, तरी पायांच्या त्या ठेक्यात जुन्या गावाची खूण उरली आहे. घर नसतानाच्या काळात हा वारसा देहाच्या आधाराने टिकला, हे खरे. पण शाळा, संस्था आणि दप्तरे यांच्या रूपाने तो वाढावयास छप्पर असावे लागले, हेही तितकेच खरे आहे.

९

या वृत्तान्ताचा शेवट निसर्गावरील विजयात करता येत नाही. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईत कोणतेही चक्रीवादळ नसताना थोड्या वेळात इतका पाऊस कोसळला की, शहराच्या मध्यभागी पाण्याचे लोंढे शिरले आणि ११ माणसे मरण पावली. त्यांतील काही भुयारी मार्गात व तळघरात अडकलेली होती. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल हे चक्रीवादळ बेटाच्या जवळून गेले तेव्हा सकाळी कामावर गेलेली माणसे परतीच्या वाटेवर अडकली, राजधानीतील रस्त्यांना नद्यांचे रूप आले आणि मोटारी एकमेकींवर जाऊन आदळल्या. दोन्ही वेळा संकट वाऱ्याच्या नव्हे, पाण्याच्या मार्गाने आले.

कारण भूमीच्या घडणीतच आहे. पोर्ट लुई हे जुन्या ज्वालामुखीच्या कडेखाली, तीव्र उताराच्या पायथ्याशी वसले आहे. डोंगरावर पडलेले पाणी पूर्वी मातीत मुरत असे, ओढ्यांनी वाहून जात असे. ज्या सिमेंटने माणसांना वाऱ्यापासून वाचविले, त्याच सिमेंटने ही माती झाकली. रस्ते, धाबी आणि अंगणे यांनी पाण्याच्या वाटा अडविल्या. तापलेल्या समुद्रावरून येणारी वादळे यापुढे अधिक पाऊस आणतील असे हवामानशास्त्र सांगते. ओढ्याकाठच्या आणि सखल भागातील जमिनी ज्यांच्या वाट्याला आल्या आहेत, त्यांच्या दारात हे पाणी प्रथम पोहोचते. पाचट आणि पत्रा यांच्या काळात जो भेद छपरावरून ओळखता येत असे, तो आता उंबऱ्याच्या उंचीवरून ओळखावा लागतो.

म्हणूनच मॉरिशसच्या लोकजीवनाचा इतिहास लिहिणाऱ्याला राजवटींच्या अनुक्रमाबरोबर ही दुसरी कालगणनाही समोर ठेवणे भाग आहे. १८९२ मध्ये वादळाचे ज्ञान अपुरे होते. १९६० मध्ये ज्ञान होते, पण घरे नव्हती. आज बहुतेकांना पक्के घर आहे, पण पाण्याला वाट नाही. प्रत्येक वेळी वादळाने जे दाखवून दिले ते त्या काळच्या समाजरचनेतच होते. कॅरोलनंतर त्या समाजाने मजुराच्या घराची जबाबदारी उचलली, हे त्याच्या इतिहासातील मोठे पाऊल होते. पाण्याच्या वाटांच्या बाबतीत तसेच पाऊल पुढच्या कॅरोलची वाट न पाहता उचलले जाईल काय, हा प्रश्न आज त्या बेटापुढे आहे.